पूजेचं काडतूस

संपादकांचा फोन आला. म्हणाले, "दिवाळी अंकासाठी पोलीस खात्यातला एखादा थरारक अनुभव लिहून द्या. चकमक, पाठलाग, असं काहीतरी." मी म्हटलं, चकमक आमच्या नशिबात नव्हती आणि पाठलाग करायला गुडघे नव्हते. मी शस्त्रागाराचा हवालदार, खात्याच्या भाषेत आर्मोरर. बंदुका पुसायच्या, तेल द्यायचं, बिघडलेल्या दुरुस्त करायच्या आणि ज्यांच्या हातात बंदूक आहे त्यांचं डोकं जागेवर ठेवायचा प्रयत्न करायचा, एवढं माझं काम. बंदुकांच्या बाबतीत मला बरं यश आलं. डोक्यांच्या बाबतीत आलं, असं म्हणवत नाही.

साऱ्या नोकरीत एक वाक्य मी इतकं ऐकलं, की आता झोपेत कुणी कानाशी म्हटलं तरी उठून बसेन. "रिकामीच हाये जी." बंदूक घेऊन येणारा प्रत्येक माणूस हे म्हणतो. शिकलेला म्हणतो, न शिकलेला म्हणतो, मिशीला पीळ देत म्हणतो, पान थुंकून म्हणतो. म्हणताना त्यानं आत पाहिलेलं नसतं, हे मात्र सगळ्यांत सारखं.

वर्धा जिल्ह्याचं नाव घेतलं की बाहेरच्या माणसाला चरखा आठवतो. इथं बंदुकीचं काय काम, असं त्याला वाटतं. पण रानडुक्कर चरखा पाहून परत फिरत नाही. नाल्याकाठी, जंगलाला लागून ज्यांची वावरं आहेत, त्यांच्यातल्या काहींकडे पीक राखायला म्हणून लायसन्सची बंदूक असते. जुनी, एका नळीची, बारा बोरची. बहुतेक वेळा तिचा उपयोग हवेत आवाज काढून कळप हाकलण्यापुरताच. याशिवाय बँकेच्या दारावर बसणारे माजी सैनिक असतात. आणि तिसरी जात असते, जिला कुठलंच डुक्कर त्रास देत नाही, तरी कमरेला पिस्तूल हवं असतं. माझ्या डोक्याचे जे थोडे केस पांढरे व्हायचे राहिले होते, ते या तिसऱ्या जातीनं केले.

न कळणाऱ्यांसाठी आमचा धंदा थोडक्यात सांगतो. लायसन्स हे बंदूक बाळगण्याचं असतं, मिरवण्याचं नसतं. घराबाहेर न्यायची तर झाकून न्यायची, रिकामी करून न्यायची, काडतुसं वेगळ्या पिशवीत. लग्नात, वरातीत, जत्रेत न्यायची नाही. दुसऱ्याच्या हातात द्यायची नाही, मग तो सख्खा साळा का असेना. हे झाले कागदावरचे नियम. पण त्या सगळ्यांच्या आधी एक नियम आहे. तो लोकांना सांगून सांगून माझी जीभ झिजली. बंदूक नेहमी भरलेलीच आहे असं समजायचं आणि तसंच तिच्याशी वागायचं. आपण स्वतः उघडून, आत डोळ्यानं पाहून, बोट घालून खात्री केली तरीसुद्धा नळी कुणाकडे करायची नाही. लोक म्हणतात, "रिकामी असल्यावर काय होते जी?" आजवर ज्यांचे ज्यांचे अपघात मी पाहिले, त्या सगळ्या बंदुका मालकाच्या मते रिकाम्याच होत्या.

एकदा कारंजा घाडग्याला कामानिमित्त गेलो होतो. हायवेवरच्या एका ढाब्यावर वरात जेवायला थांबली होती. नवरदेवाच्या मामाच्या कमरेला पिस्तूल होतं. बसताना टोचतं म्हणून त्यानं ते काढून टेबलावर ठेवलं. वेटर फडकं मारायला आला, त्यानं ते मिठाची डबी उचलावी तसं उचललं आणि शेवभाजीच्या प्लेटीशेजारी ठेवलं. ढाबेवाल्यानं ते पाहून ठाण्याला फोन केला. मी ठाण्यातच बसलो होतो, तर मलाच पाठवलं.

मामा म्हणाला, "रिकामं हाये. हे पाहा, मॅगझिन काढून खिशात ठेवलं."

मी पिस्तूल भिंतीच्या कोपऱ्याकडे धरून त्याची वरची सरकपट्टी मागे ओढली. आतून एक गोळी टप्पकन बाहेर पडली आणि घरंगळत मामाच्या बुटापाशी जाऊन थांबली. मॅगझिन काढलं तरी नळीत आधीच चढलेली गोळी तिथंच राहते, हे पिस्तूल विकत घेताना कुणी मामाला सांगितलं नव्हतं, किंवा सांगितलं तेव्हा मामा रुबाबात होता.

मामा म्हणाला, "पण लायसन हाये ना माह्याकडं."

मी म्हटलं, "गोळीले लायसन वाचता येत नाई, मामाजी."

वरात हसली. मामा हसला नाही. त्यानं जाताना माझं नाव विचारून घेतलं आणि कुणाकुणाला ओळखतो ते ऐकवलं. असल्या लोकांचा मला राग यायचा, पण दया यायची नाही, त्यामुळे झोप लागायची. ज्या प्रकरणानं झोप लागली नाही ते वेगळंच आहे, आणि ते एका प्रदर्शनात घडलं.

पोलिसांचं शस्त्र प्रदर्शन तुम्ही पाहिलं असेल. शाळेच्या मैदानात मांडव टाकतात, टेबलांवर चादरी अंथरून त्यावर रायफली, कार्बाइन, अश्रुधुराच्या बंदुका मांडतात. लोकांना आपलं पोलीस खातं जवळचं वाटावं हा हेतू. जवळचं म्हणजे किती जवळचं, हे मात्र लोकच ठरवतात. प्रत्येक हत्यार साखळीनं टेबलाला बांधलेलं असतं, गोळीवर ठोका मारणारी आतली पिन मी आदल्या दिवशी काढून ठेवलेली असते, तरी माझा जीव दिवसभर टांगणीला. कुणी नळीत डोळा घालून पाहतो. कुणी ती स्वतःच्या कानशिलाला लावून फोटो काढतो. एक जण हमखास विचारतो, "यानं माणूस मरते का?" त्याला काय उत्तर द्यावं, हे मला निवृत्त होईपर्यंत सुचलं नाही. आणि म्हाताऱ्या बाया येऊन रायफलीला हळदकुंकू लावून समोर एक रुपया ठेवतात. त्यांना मी कधी अडवलं नाही. संध्याकाळी कुंकू पुसायला कापड जास्त लागायचं, एवढंच.

त्या साली प्रदर्शन आंजी मोठीला होतं, दसऱ्यानंतरच्या आठवड्यात. फाटकाशी मी एक टेबल आणि रेतीनं भरलेली पेटी ठेवून घेतली होती. कारण मला अनुभव होता. शस्त्र प्रदर्शन म्हटलं की लोकांना वाटतं, ज्याच्याकडे जे असेल ते आणायचं, पशुप्रदर्शनात बैल आणतात तसं. बाहेरचं हत्यार आत जाऊ द्यायचं नाही आणि उघडताना नळी रेतीकडे ठेवायची, यासाठी ती पेटी.

दुपारी मोटारसायकलवरून गुलाबराव आले. मागे त्यांची बायको विमलबाई. या दोघांना मी चांगला ओळखायचो. गावाबाहेर नाल्याला लागून त्यांचं वावर, भाजीपाल्याचं. वांगी, भेंडी, थंडीत फुलकोबी. वर्ध्याच्या बाजारात तराजू घेऊन विमलबाईच बसायच्या आणि माझ्या घरची भाजी त्यांच्याकडूनच यायची. गुलाबरावांकडे वडिलांच्या वेळची एका नळीची बंदूक, लायसन्स पीक राखण्याचं. तपासणीला दरवर्षी आणायचे, मी दरवर्षी तेच सांगायचो, ते दरवर्षी मान डोलवायचे.

मोटारसायकलवर विमलबाईंनी दोन्ही गुडघ्यांच्या मध्ये काहीतरी उभं धरलं होतं, जुन्या लुगड्यात गुंडाळलेलं. खालचं टोक पायदानावर टेकलेलं, वरचं टोक हनुवटीखाली. काय आहे ते मला लांबूनच समजलं.

"रामराम हवालदार सायेब," गुलाबराव म्हणाले. "म्हटलं आमचीबी ठेवा एखांद्या टेबलावर. बाबाच्या वक्ताची हाये, अशी आता भेटत नाई."

मी म्हटलं, "गुलाबराव, तुमचं लायसन वावरापुरतं हाये. इथं काऊन आणली?"

"वावरातूनच तं आणली. जरासाक पुढं आलो."

"भरलेली हाये का?"

"तुमी दरसाली हेच विचारून राह्यले. रिकामी हाये जी."

मी बंदूक घेतली, नळी रेतीकडे केली आणि लुगडं सोडलं. दस्त्याला लाल नाडा बांधलेला, नळीवर कुंकवाची बोटं, घोड्यात वाळका झेंडू अडकलेला. दसऱ्याची पूजा. ही बंदूक मधोमध दुमडून उघडते. उघडायचा खटका दाबला, बंदूक उघडली, आणि मागच्या तोंडाशी काडतुसाची पितळी चकती चमकली. चकतीवरसुद्धा कुंकवाचा ठिपका होता. त्याला अक्षतेचा एक दाणा चिकटलेला होता.

 काडतूस काढून टेबलावर ठेवलं आणि विचारलं, "हे काय हाये?"

गुलाबरावांनी वाकून पाहिलं. चेहरा जराही बदलला नाही. म्हणाले, "हे? हे तं पूजेचं हाये."

"पूजेचं म्हंजे?"

"दसऱ्याचं. रिकाम्या हत्याराची पूजा करते का कोणी? आमच्या घरी भरूनच करतात, आज्याच्या वक्तापासून. दिवाळीच्या पाडव्याले काढतो मंग."

"मंग मले रिकामी काऊन सांगितली?"

"रिकामीच तं हाये," ते म्हणाले. "हे पूजेचं सोडून."

इथं मी कपाळाला हात लावला. साऱ्या आयुष्यात मला खोटं बोलणारे पुष्कळ भेटले, पण हा माणूस खोटं बोलत नव्हता. त्याच्या हिशेबी कुंकू लावलेलं काडतूस हे काडतूस नव्हतंच. ते नारळ-सुपारीच्या जातीत गेलं होतं. मामाच्या पिस्तुलातली गोळी अज्ञानानं राहिली होती. ही भक्तीनं राहिली होती. अज्ञानावर माझ्याकडे औषध होतं. भक्तीवर मी काय नियम सांगणार?

विमलबाई लुगड्याची घडी करत होत्या. घडी अर्ध्यावर थांबली. त्यांनी हळूच आपल्या हनुवटीखाली हात लावला.

"सायेब, नळी वरतं होती ना?"

"होय वहिनी."

"म्हंजे इथं."

"होय."

त्या शाळेच्या ओट्यावर बसल्या. मी पाणी आणून दिलं, ते हातातच राहिलं. मग नवऱ्याकडे पाहून शांतपणे म्हणाल्या, "वावरापासून मले खड्ड्याखड्ड्यात आपटत आणलं तुमी." गुलाबरावांचा चेहरा बदलला तो तेव्हा. त्यांनी एकदा टेबलावरच्या काडतुसाकडे पाहिलं, एकदा बायकोच्या गळ्याकडे.

पण माणूस सावरला की आधी त्याला पोट आठवतं. त्यांनी हात जोडले. "हे लिहू नका जी. चुकलं माह्यं. पण वावरात फुलकोबी उभी हाये. बंदूक जमा झाली तं डुक्करं एक गड्डा ठेवणार नाईत. वर्षाचं पीक हाये ते."

ते खरं होतं. मला ते पुरतं माहीत होतं. नाल्याकाठी एका रात्रीत काय होतं ते मी पाहिलेलं होतं. आणि माझ्यामागे मांडवात अर्धं आंजी फिरत होतं, लेकराबाळांसकट. मला त्या क्षणी गुलाबरावांचा भयंकर राग आला होता. राग याचा, की चूक त्यांनी करायची आणि निवड मात्र मी करायची. नियमात फुलकोबीला कुठं जागा नाही. भरलेली बंदूक गर्दीत आणली, की वर कळवायचं, बंदूक जमा करायची. संपलं.

माझ्याआधी विमलबाई बोलल्या. "लिहा सायेब."

गुलाबरावांनी जोडलेले हात खाली घेतले.

"लिहा," त्या पुन्हा म्हणाल्या. "कोबी पुढच्या साली बी होते."

मी लिहिलं. बंदूक जमा झाली. गुलाबराव मोटारसायकल ढकलत निघाले आणि विमलबाई लुगडं काखेत घेऊन त्यांच्यामागून पायी गेल्या, गाडीवर बसल्या नाहीत.

पुढं व्हायचं तेच झालं. वरून कागद यायला वेळ लागतो, आणि डुक्कर कागदाची वाट पाहत नाही. थंडीत बाजारात गेलो तर विमलबाईंसमोर मेथीच्या जुड्या आणि थोडी वांगी. मी न राहवून विचारलं, "फुलकोबी?" म्हणाल्या, "डुकरानं खाल्ली." आणि मेथी बांधून दिली, नेहमीसारखी, त्याच भावानं. गुलाबराव शेजारीच पोत्यावर बसले होते. त्यांनी माझ्याकडे पाठ केली आणि पलीकडच्या भाजीवाल्याला, मला ऐकू जाईल असं सांगितलं, "हवालदारानं डुकराईले पंगत वाढली यंदा."

मला वाईट वाटलं. अजूनही वाटतं. बरोबर केलं याची खात्री असूनही वाईट वाटू शकतं, हे मला नोकरीच्या अगदी शेवटी समजलं. घरी मेथी निवडताना मी बायकोवर उगाच चिडलो. ती म्हणाली, "ज्याच्यावर चिडायचं त्याच्यावर चिडा ना." पण नेमकं कोणावर, तेच ठरत नव्हतं. गुलाबरावांवर, त्यांच्या आज्यावर, डुकरांवर, का नियमावर?

पावसाळ्यात त्यांची सुनावणी झाली आणि सक्त ताकीद देऊन बंदूक परत मिळाली. मी तोवर निवृत्त झालो होतो. दसऱ्याच्या आधीच्या बाजारात विमलबाई भेंडी तोलता तोलता म्हणाल्या, "सायेब, दसऱ्याले घरी येजा."

मी विचारलं, "कायले?"

"पाहाले."

न जाण्याचा विचार मनात येऊन गेला. गुलाबराव तर माझ्याशी अक्षर बोलत नव्हते. पण ते घर, ती पूजा आणि ते काडतूस डोक्यातून जाईना. बायको म्हणाली, "निवृत्त झाले ना तुम्ही?" मी म्हटलं, बंदूक झाली नाही अजून. आणि आंजीची गाडी धरली.

अंगणात गोमूत्र शिंपडून सारवलेलं होतं. पाटावर विळा, फवारणीचा पंप, बाजारातला तराजू, वजनं, सगळं मांडलेलं. मधोमध बंदूक, नवा नाडा बांधून. गुलाबरावांनी मला सतरंजी दाखवली आणि भिंतीकडे बघत राहिले. त्यांची माय, वाकलेली पण आवाजानं खणखणीत, सुपारी कातरत बसली होती. मला पाहून तिनं सूर लावला. "तुमच्यामुळं आता रिकाम्या बंदुकीची पूजा करा म्हंतात. आपल्या घरी असं कधी झालं नाई. रिकाम्या हातानं देवापुढं जाते का कोणी?"

मी समजावायला सुरुवात केली. नळी, काडतूस, अपघात, सगळं. म्हातारी सुपारी कातरत राहिली. माझं भाषण ऐकून घेणारं त्या अंगणात कोणी नव्हतं, आणि मला वाटलं, बस झालं, साऱ्या जन्मात एक घर सुधारलं नाही.

तेवढ्यात विमलबाई निरांजन घेऊन बाहेर आल्या. कमरेला किल्ली खोचलेली होती. काडतुसांचा डबा आता कपाटात, कुलपात असतो आणि किल्ली त्यांच्याकडे असते, हे मला नंतर समजलं. त्या सासूला म्हणाल्या, "आत्याबाई, बंदूक भरलेली हाये. मी सोता भरली."

 पूजेबिजेचा विचार न करता मी उठलो, बंदूक उचलली, नळी मोकळ्या वावराकडे केली आणि खटका दाबून ती उघडली.

आत भेंडी होती. कोवळी, हिरवीगार, बारा बोरच्या काडतुसाच्या जागी अगदी मापात बसलेली. देठाकडून कापलेल्या चकतीवर कुंकवाचा ठिपका.

"आपल्याच वावरातली हाये," विमलबाई सासूला म्हणाल्या. "बंदूक घेतली ते हे राखाले. मंग हेच भरलं."

म्हातारीनं पुढं होऊन आत पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग अक्षता उचलल्या आणि टाकल्या. एवढ्यानं आज्याच्या वेळची रीत मिटली. मी वर्षानुवर्षं भाषणं देत होतो, आणि इथं काम एका भेंडीनं झालं.

मी सवयीनं म्हटलं, "भेंडीचा चीक लोखंडाले चांगला नाई. संध्याकाळी काढून, पुसून तेल द्या." तेव्हा वर्षभरात पहिल्यांदा गुलाबरावांनी माझ्याकडे तोंड केलं.

"लिहा आता, हवालदार सायेब," ते म्हणाले. मिशीत थोडं हसले.

बंदूक बंद करून मी होती तशी पाटावर ठेवली. विमलबाईंनी निरांजन लावलं. आधीच्या दसऱ्यांना त्या कुठं बसायच्या ते मघाशी गुलाबरावांच्या मायनंच मला बोट दाखवून सांगितलं होतं, पाटाच्या अलीकडे, नळीच्या बरोबर समोर. आत काय भरलं आहे हे त्या अंगणात सगळ्यात पक्कं विमलबाईंना माहीत होतं. तरी त्या पाटाला लांबून वळसा घालून दस्त्याच्या बाजूला गेल्या आणि तिथं बसून त्यांनी ओवाळलं.